सहानंतर आठ

माझी आत्या पोलिसात होती. आमच्या ठाण्यात भरती झालेली ती पहिली बाई, आणि निवृत्त झाली ती हवालदार म्हणून. निवृत्तीनंतर माणसं मऊ पडतात असं म्हणतात. आत्याचे फक्त गुडघे मऊ पडले. आवाज, भुवई आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत "बरं, मग?" म्हणायची सवय, हे सगळं जसंच्या तसं राहिलं. गल्लीतली मुलं तिच्या खिडकीखाली आली की सायकलवरून उतरून सायकल हाताने ढकलत नेत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण उगाच कशाला विषाची परीक्षा!

ठाण्याच्या स्थापनेचा सोहळा ठरला तेव्हा तिथल्या कारकुनाने तिला निरोप पाठवला: जुने फोटो काढलेत, माणसं ओळखून द्यायला या, शिवाय पहिली बाई शिपाई म्हणून तुमचा सत्कारही आहे.

"सत्कार म्हणजे खुर्चीत बसून दुसऱ्याची भाषणं ऐकायची शिक्षा," आत्या म्हणाली. पण गेली. मी तेव्हा एका दवाखान्यात सकाळपाळीला होते आणि दुपारची मोकळी असे, म्हणून तिने मला बरोबर घेतलं. म्हणजे तिच्या भाषेत, "चल पोरी, जिन्यावर हात धरायला कुणीतरी हवं, आणि भांडण झालं तर साक्षीदारही होईल."

ठाण्याच्या मागे नवं सभागृह बांधलं होतं. आत ओल्या रंगाचा वास, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. समोरच्या भिंतीवर पहिल्या साहेबांची भलीमोठी तसबीर. ठाणं त्यांनीच उभं केलं होतं. मिशा इतक्या रुंद की चौकटीत मावतात की नाही अशी शंका यावी. शेजारी नवा लाकडी फलक, 'आमचे पहिले शिपाई', आणि पेंटर शेवटच्या नावावर हात फिरवत होता.

आत्याने चष्मा चढवला आणि बोट नाचवत वाचायला लागली. चार, पाच, सहा, आठ. बोट थांबलं. परत वर गेली. पाच, सहा, आठ.

"अहो पेंटर, तुमच्या शाळेत सात शिकवत नव्हते का?"

पेंटरने कारकुनाकडे पाहिलं. कारकून हसला. "त्याचं बरोबर आहे, बाई. सात नंबरचा शिपाई घ्यायचा नाही असं ठरलंय."

"का? काय केलं त्याने?"

"पळाला. जुन्या दप्तरात त्याच्या नावापुढे तेवढंच आहे, 'पळून गेला'. आत्ताचे साहेब म्हणाले, मंगल प्रसंगी ही घाण कशाला."

"मग तसं लिहा ना! सात, अमुक अमुक, पळून गेला. नोकरीला होता ना तो? छातीवर बिल्ला होता ना? मग आकडा गाळायचा कसा? आपण काय पत्ते पिसतोय, की नको ते पान खाली सरकवलं?"

कारकुनाने विषय बदलला आणि फोटोंचा गठ्ठा पुढे केला. आत्याने फोटो ओळखून दिले, पण तिचं लक्ष उडालं होतं. मधेच मान वळवून ती फलकाकडे बघे. दातात काहीतरी अडकल्यावर जीभ तिकडेच जाते तसं.

बाहेर पडलो. ठाण्याच्या पायऱ्यांवर ती थांबली. समोर रस्त्यापलीकडे न्हाव्याचं दुकान आहे. एक खोली, दोन आरसे, दोन खुर्च्या आणि दारावर पाटी: 'पळपुट्याचे दुकान'. ही पाटी गावातल्या सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेली. एखाद्या घराला पिवळं घर म्हणतात तसं आम्ही ते नाव घ्यायचो. अर्थ कुणाच्या मनात यायचाच नाही.

आत्या एकदम म्हणाली, "पोरी, पळपुटा म्हणजे कोण गं?"

आणि गुडघा विसरून तिने रस्ता ओलांडला.

न्हावीकाका सत्तरीच्या पुढचे. सडपातळ, ताठ, सदऱ्याच्या खिशात नेहमी दोन कंगवे. गिऱ्हाईक नव्हतं, ते वस्तऱ्याला धार लावत होते. आत्याने आडपडदा न ठेवता विचारलं. त्यांचा हात थांबला नाही.

"माझा आजोबा. सात नंबरचा शिपाई. तुमच्या ठाण्याने त्याला हे नाव दिलं, आणि त्याने ते पाटीवर लावलं. लोक पाठीमागे म्हणतातच, तर तोंडावर म्हणू दे, म्हणाला. मोठ्या अक्षरात."

मग त्यांनी आम्हाला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांना ती त्यांच्या वडिलांनी सांगितली होती.

आजोबा आधी फौजेत होते. मुदत संपली, घरी आले. तेव्हा ठाणं नुकतंच निघत होतं. बाकीचे अकरा भरती झाले ते कुणी पहारेकरी, कुणी हमाल, कुणी गाडीवान. फौजेतला हा एकटाच. त्याला बाजाराच्या चौकात उभं केलं. माणूस उंच, आवाज खणखणीत. हात वर केला की भरलेल्या गाड्या जागच्या जागी थांबत. ठाण्याच्या आवारात राहायला खोली मिळाली. बायको आणि एक लहान मुलगा, म्हणजे न्हावीकाकांचे वडील.

मग लढाई पेटली आणि फौजेचं बोलावणं आलं. तो पहिल्या साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "माझी उणीपुरी बारा माणसं, त्यातला एक मी सोडू? मी वर लिहितो. तू तुझं काम कर." तो काम करत राहिला. रोज विचारायचा, साहेब, लिहिलंत का? साहेब म्हणायचे, हो हो. हजर व्हायचा दिवस उजाडला आणि त्याला कळलं, साहेबांनी कुणाला काही लिहिलेलंच नाही. तो चौकातून ठाण्यात गेला, साहेबांसमोर उभा राहिला, सलाम ठोकला आणि म्हणाला, "चाललो." आणि गेला.

"साहेबांनी काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? आपला शिपाई आपलं ऐकत नाही हे वर कसं सांगणार? पळून गेला, असं लिहून टाकलं. आठवड्याच्या आत माझ्या आजीला खोलीतून बाहेर काढलं. भांडीकुंडी अंगणात. आजीने धोबीघाटाशेजारच्या एका पडवीत संसार मांडला, लोकांचे कपडे धुतले."

"आणि तो परत आला?"

"आला ना. डावा हात कोपरात कायमचा वाकलेला. सरळ साहेबांपुढे गेला, माझी जागा द्या म्हणाला. साहेब म्हणाले, पळपुट्याला इथे जागा नाही. तर तो म्हणाला, पळालो खरा साहेब, पण तोफांच्या दिशेने पळालो. तुम्ही कुठल्या दिशेने बसला होतात?"

आत्या खूश झाली. मांडीवर थाप मारून म्हणाली, "बरं, मग?"

मग त्याला धक्के मारून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजाराच्या चौकात जाऊन उभा राहिला. साधे कपडे, ना बिल्ला, ना पट्टा, ना काठी. उजवा हात वर केला आणि गाड्या थांबल्या. रोज जाऊ लागला. नवा शिपाई बिचारा कडेला उभा राहून बघायचा. शेवटी साहेबांनी त्याला पकडलं. पोलीस असल्याचं सोंग केलं हा गुन्हा. न्यायाधीशाने विचारलं, काय म्हणणं आहे? तो म्हणाला, "सोंग कसलं, महाराज? अंगावर एक चिंधी सरकारची नाही. हात माझा आहे. तो वर केला की लोक थांबतात, त्याला मी काय करू? लोकांना पकडा." सगळी कचेरी हसली. न्यायाधीशही हसला आणि त्याने त्याला सोडून दिलं.

पुढे तो दाढी-कटिंग शिकला. वाकलेला डावा हात हनुवटी धरायला बरोबर कामाला आला. आणि दुकान कुठे टाकलं, तर ठाण्याच्या नाकासमोर. मरेपर्यंत ठाण्यातल्या शिपायांच्या दाढ्या केल्या. पहिल्या साहेबांची मात्र कधी केली नाही. साहेब एकदा आले होते म्हणे. हा म्हणाला, "खुर्ची मोकळी नाही." दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

आम्ही हसलो. न्हावीकाका हसले नाहीत. वस्तरा मिटून त्यांनी खणात ठेवला.

"गोष्ट छान आहे ना? मीही लहानपणी अशीच ऐकायचो. पण पुरावा काय? ना पदक, ना फौजेचा कागद. फौजेत काय केलं विचारलं तर म्हणायचा, खेचरं सांभाळली. लोक खिदळायचे: लढाईला गेला म्हणे आणि खेचरं राखून आला! माझ्या बापाला शाळेत पोरांनी पळपुट्याचा म्हणून छळलं. बापावर विश्वास होता त्याचा. पण म्हातारपणी अंथरुणाला खिळला तेव्हा एकदा मला जवळ बोलावून म्हणाला, कोण जाणे रे, खरंच पळाला असेल. कुठेतरी हात मोडून घेतला असेल आणि आम्हाला गोष्ट सांगितली असेल." त्यांनी आरशावरचा न दिसणारा डाग पुसला. "तसाच गेला तो. मनात ते घेऊन."

 मग आत्या उठली.

"मी शोधते."

"कशाला? तुम्हाला काय पडलंय माझ्या आजोबाचं?"

"तुमच्या आजोबाला मी ओळखत नाही. सहानंतर आठ येत नाही, एवढं ओळखते. आणि आत्ताच सांगून ठेवते, तो पळाला असेल तर तेही येऊन सांगेन. तोंडदेखलं बोलायची सवय नाही मला."

न्हावीकाकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "हे चालेल," ते म्हणाले.

परतताना आत्या रस्ताभर हिशेब मांडत होती. गुन्ह्याचा तपास करावा तसा. "पळणारा माणूस बायकोला घेऊन पळतो, नाहीतर बायकोपासून पळतो. हा एकटा गेला आणि त्याच बायकोकडे परत आला. वर ठाण्यासमोरच दुकान टाकलं. चोर कधी फौजदाराच्या ओसरीवर बिऱ्हाड करतो का? पण हे सगळं आपलं म्हणणं झालं. कुणीतरी त्याला तिकडे पाहिलेलं पाहिजे."

आजोबाच्या जुन्या पलटणीचं नाव न्हावीकाकांना माहीत होतं. पलटणीची छावणी बसने अर्ध्या दिवसावर, म्हणून मी दवाखान्यात रजा टाकली. तिथे पलटणीचं छोटंसं संग्रहालय होतं आणि ते सांभाळायला एक निवृत्त सुभेदार. पांढरी भरघोस दाढी, पायात चकचकीत बूट. आत्याने सलाम ठोकला, त्यांनीही ठोकला, आणि पुढचा बराच वेळ दोघं एकमेकांचे गुडघे या विषयावर बोलत राहिले.

आत्याने अडचण सांगितली तेव्हा सुभेदार म्हणाले, "तेव्हा माणूस फौज सोडायचा, पण फौज माणसाला सोडत नसे. त्याला राखीव म्हणून ठेवायचे. लढाई लागली की बोलावणं. मग तो भट्टीवर असो, बाजारात असो की पोलिसात असो. नाही आला तर फरारी, सरळ तुरुंग."

"आणि गेला तर पोलिसात फरारी," आत्या म्हणाली. "इकडे आड तिकडे विहीर."

"अगदी बरोबर."

पण पलटणीच्या दालनात सात नंबर सापडेना. भिंतीवर लढाईवर गेलेल्यांची नावं होती, तुकड्यांचे फोटो होते. आम्ही दुपारभर एकेक चेहरा बघितला, पण आम्हाला तो ओळखू कसा येणार? नाव तर कुठेच नव्हतं. सुभेदारांनी हात झटकले. "आमच्याबरोबर तो गेलेला नाही, बाई. माफ करा."

मी आत्याचा चेहरा पाहिला. ती दुखावली होती. तपासात हरलेलं तिला कधीच आवडलं नव्हतं. आणि आता न्हावीकाकांना जाऊन काय सांगायचं, हेही मनात असणार. बाहेर बाकावर बसून ती बुटाची नाडी बांधत होती. सुभेदार दाराला कुलूप घालत सहज म्हणाले, "आणखी काही सांगायचा का तो? कुठली लढाई, कुठला डोंगर?"

"छे. म्हणायचा, खेचरं सांभाळली. लोक हसायचे त्याला."

सुभेदारांनी किल्ली कुलपातच ठेवली. "हसायचे? त्या डोंगरात चाक चढत नव्हतं, बाई. दारूगोळा खेचरांच्या पाठीवर जायचा, आणि समोरचा शत्रू आधी खेचरांवरच गोळ्या झाडायचा. तिथे माणसं कमी पडली की राखीव लोकांना उचलून धाडायचे. आमच्या पलटणीतले कितीतरी असे गेले. त्यांचं दालन इथे नाही, टेकडीपलीकडे तबेल्यांपाशी आहे."

तबेल्यांपाशी म्हणजे आणखी एक चढ. आत्याने माझा हात घट्ट धरला आणि दर दहा पावलांनी त्या पहिल्या साहेबांचा उद्धार करत ती चढली. दालन म्हणजे एक लांबट खोली होती. जुन्या चामड्याचा आणि कडब्याचा वास, खोगिरं, नाल, ओझी बांधायचे दोर. आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर एक मोठा फोटो, खाली चार शब्दांची पट्टी: 'परत बोलावलेले. पहिला दिवस.'

अजून गणवेश मिळाले नव्हते, म्हणून माणसं घरून आली तशीच उभी होती. एकाच्या सदऱ्यावर पीठ. एकाच्या खांद्यावर हमालाचा दोर. एकाने कामावरचा चामडी एप्रनही काढला नव्हता. मागच्या रांगेत, सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच, एक माणूस पोलिसाच्या पूर्ण गणवेशात ताठ उभा होता. छातीवर पितळी बिल्ला. आत्याने नाक काचेला लावलं.

"सात!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरचा पहारेकरी आत धावत आला. "सात आहे! बघ, पोरी, बघ! चौकातून उठून सरळ इथे आलाय तो. कपडे बदलायलासुद्धा घरी गेला नाही!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने चष्म्यावर ढकललं. "काचा घाण झाल्यात," म्हणाली.

सुभेदारांनी त्या फोटोचा मोठा फोटो करून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तो न्हावीकाकांच्या दुकानात नेला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्ध्या गालाला फेस. काकांनी फोटो हातात घेतला आणि उजेडाला दारात गेले. बिल्ल्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"कान," ते म्हणाले. "बापाचे कान. वरचा कोपरा दुमडलेला. मी पन्नास वर्षं बापाचे केस कापले, बाई. हा कान मी अंधारातही ओळखेन."

आणि ते उंबऱ्यावर बसले. गिऱ्हाईक तसंच फेसासकट येऊन त्यांच्या मागे उभं राहिलं आणि वाकून फोटो बघू लागलं. काका बोलले, पण आमच्याशी नाही, गेलेल्या बापाशी, "बघ रे बाबा. बघ. गेला होता तो." मग त्यांनी फोटोच्या काठाला लागलेला फेस टॉवेलने टिपला.

आत्ताचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. फोटो बघून त्यांनी "वा, वा" केलं. "बाई, कमाल केलीत! नाव घालतो ना आपण फलकावर. 'सात, फौजेत परत बोलावले गेले.' झालं?"

"झालं कसं? परत आल्यावर काय झालं ते?"

"ते कशाला?"

"कारण ते झालं म्हणून. त्याची खोली काढून घेतली, बायकोला रस्त्यावर आणलं, पळपुटा म्हणून हाकलला. ठाण्याने."

साहेबांनी तसबिरीकडे नजर टाकली. "पहिल्या साहेबांचे नातू प्रमुख पाहुणे आहेत, बाई. सभागृह त्यांच्याच कृपेने झालंय. समजून घ्या जरा."

आत्याने हे न्हावीकाकांना जसंच्या तसं सांगितलं. निर्णय तुमचा, म्हणाली. नुसतं नाव हवं असेल तर ते मिळतंय, मी आड येणार नाही. काका गिऱ्हाइकाची मान पुसत होते. टॉवेल झटकून म्हणाले, "तीन पिढ्या आम्ही अख्खं खोटं पचवलं. अर्धं खरं नाही पचायचं. नाव नको म्हणावं."

"शाबास," आत्या म्हणाली.

सोहळा झाला. फलकावर सहानंतर आठ तसाच. आत्या पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी न्हावीकाका, त्यांना तिनेच हाताला धरून आणलं होतं. सत्कारासाठी तिचं नाव पुकारलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं. कारकून धावत आला, "बाई, चला ना, सगळे थांबलेत."

"थांबू देत. मला सांगा, मी नोकरी सोडून लढाईला गेले असते तर माझाही आकडा गाळला असता ना? मग हा सत्कार माझा नाही, माझ्या हजेरीचा आहे. हजेरीपटाला घाला हार."

ती हळू बोलली असती तर बरं झालं असतं. पण आत्याला हळू बोलता येत नाही. मागच्या रांगेतल्या बायका शिपायांमध्ये आधी खुसखुस झाली, मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग साहेबांनी घाईघाईने पुढचं नाव पुकारलं.

फोटो दुकानात लागला. दोन आरशांच्या बरोबर मधे, दाढीला बसलेल्या माणसाला दुसरं काही दिसूच नये असा. आणि दुकान तर ठाण्यासमोर! एकेक शिपाई यायचा, खुर्चीत बसायचा, विचारायचा, काका, हा पोलीस कोण? काका सांगायचे. दाढी होईपर्यंत गोष्ट पूर्ण व्हायची. कटिंगला आलेल्यांना न्यायाधीशाचं प्रकरणही मिळायचं. थोड्याच दिवसांत ठाण्यात फलकासमोरून जाताना शिपाई पोरं मोठ्याने मोजायला लागली, "पाच, सहा, हं, आठ!" साहेब खोलीत असले तर जास्तच मोठ्याने.

एका दुपारी साहेब स्वतः आले. साध्या कपड्यात. मी आणि आत्या बाकावर होतो.  मला वाटलं, काका आता म्हणणार, खुर्ची मोकळी नाही. काकांनी खुर्ची झटकली.

"बसा साहेब. मान वर."

तोंडभर फेस लावला आणि वस्तरा गळ्याशी टेकवून काकांनी सुरुवात केली. पार भरतीपासून. साहेबांना मधे काही बोलायचं होतं, पण ओठ हलवायची सोय नव्हती. काका एकही गोष्ट गाळत नव्हते. धोबीघाटाच्या पडवीपाशी आले तेव्हा त्यांचा हात जरा थांबला. साहेबांचा श्वासही थांबला. बापाच्या शेवटच्या दिवसांपाशी आले तेव्हा साहेबांनी डोळे मिटून घेतले. दाढी झाली. तोंड पुसलं. साहेब बराच वेळ आरशातून त्या फोटोकडे बघत बसले.

"मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही कुणाला सांगू दिलं नव्हतं," आत्या म्हणाली.

"काय लिहायचं ते सांगा, काका. तुमच्या शब्दांत."

काका तयारच होते. मनात कितीतरी वेळा घोकलं असणार. "सात नंबरचा शिपाई. लढाईला बोलावलं म्हणून गेला. परत आला तेव्हा या ठाण्याने त्याला पळपुटा ठरवून हाकललं. चूक ठाण्याची होती."

साहेब जरा चुळबुळले. "शेवटचं वाक्य... वरून परवानगी मिळायची नाही."

"मग विचारू नका," आत्या म्हणाली. "सात नंबरच्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं."

फलकावर एवढं मावणार नव्हतं. म्हणून दगड घडवला आणि ठाण्याच्या बाहेरच्या भिंतीत, रस्त्याच्या बाजूने, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसवला. पाथरवटाने तो पहिल्यांदा किंचित तिरका बसवला, तर आत्याने त्याला परत काढायला लावला. त्याने वैतागून विचारलं, "एवढं कुणाचं आहे हे?" न्हावीकाका म्हणाले, "आमचं." छाती काढून म्हणाले.

वर्षभरात त्या साहेबांची बदली झाली. पाठोपाठ तपासणीला एक मोठे अधिकारी आले. गाडीतून उतरताच त्यांना तो दगड दिसला. वाचला आणि पारा चढला. "हे काय आहे? ठाण्याच्या भिंतीवर ठाण्याचीच बदनामी? कुणाच्या परवानगीने? आजच्या आज काढा!"

ठाण्यातून कुणीतरी आत्याला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा पहार घेतलेला एक मजूर दगडासमोर उभा होता. न्हावीकाका गळ्यात टॉवेल तसाच ठेवून त्याच्यापुढे उभे. बायका शिपाई दारात जमलेल्या. समोरच्या दुकानातून एक गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन रस्त्यात आलं होतं.

आत्याने अधिकाऱ्यांना कडक सलाम ठोकला. "काढा साहेब. हुकूम आहे तर काढायलाच पाहिजे. फक्त एक करा. काय काढलं, का काढलं आणि कुणी सांगितलं, हे लिहून खाली सही करा. म्हणजे पुढे कुणी विचारलं तर आम्हाला सांगता येईल की हा दगड पळून गेला नाही."

अधिकारी तिच्याकडे बघत राहिले. मग दगडाकडे. मग दारातल्या बायकांकडे. त्यांच्यापैकी एकीने मुकाट्याने पेन पुढे केलं होतं.  रस्त्यावरची चार माणसं थांबली, मग दहा.

"आधी कार्यालयाची तपासणी करू," अधिकारी म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी ते मागच्या दाराने गेले. मजूर पहार खांद्यावर टाकून कधीच निघून गेला होता. दगड आहे तिथेच आहे.  घराच्या दारात आल्यावर आत्या म्हणाली, "गुडघा मेला ठणकतोय. तेल गरम कर." आणि मग, चपला काढता काढता, एकटीच हसली.